डावीकडून तिसरा

साडेआठ वाजता लष्करात, दौलतगंजच्या गल्लीत
कुकरसुद्धा शिट्टी आवरून धरतो.
वहिनी गजकाचा पुडा अजून सोडत नाही.
बाबा चष्मा पुसतात, पुन्हा पुसतात.

पडद्यावर धूर. कालासुर
हाडांच्या सिंहासनावरून उठतो,
मागं त्याची राख फासलेली सेना,
डावीकडून तिसरा आमचा हेरंब.

"तो बघ!" म्हणेपर्यंत गेलाही.
मी खांद्यावरून ओळखला.
मिल बंद पडली त्या वर्षी सायकलवरून पडला,
तेव्हापासून तो खांदा जरा खालीच.

ढग फाटतात, देवीची तलवार उतरते,
शंख,
आणि नेमकं तिथंच:
उद्या अंतिम युद्ध.

फोनवर म्हणाला, शूटिंग आज रात्री,
कागद अजून हातात नाहीत.
किती उरणार, कुणालाच ठाऊक नाही गं.
मेलो तर दिवसाचे बाराशे बंद.
नुसता जखमी झालो
तर पुढच्या पर्वात घेतील म्हणे.

आई काही बोलली नाही.
देव्हाऱ्यापाशी गेली, वात सारली,
आणि त्या देवीलाच म्हणाली,
बाई, आज जरा हात राखून मार.
डावीकडे तर बघूच नकोस.