पाचाहून कमी

फाइल आली तेव्हा नावं धुतलेली होती.
नंबरही. उरले नुसते ठिपके,
दर पंधरा मिनिटांनी एक,
खाडीच्या दोन्ही काठांवर सांडलेले.
काम साधं: फेरीबोट रात्रीची सोडायची का,
सोडायची तर किती वाजता.

पण खवलं काढली
म्हणून बांगडा ओळखू येत नाही थोडाच.
भाटीवाडीत घरं चार.
त्यातल्या एकातून मंगळवारी, शुक्रवारी
पावणेचारला एक ठिपका निघतो,
जेटीवर थांबतो, पलीकडे उतरतो,
उजाडायच्या आत परत.
तिसऱ्यांदा दिसला तेव्हा मी लॅपटॉप मिटला,
उघड्या न्हाणीघरावरून जाताना
मान फिरवतात तसा.

औषध असेल. मासळीचा लिलाव असेल.
माणूस असेल.
मला विचारायचं नव्हतं
आणि उत्तर चार क्लिकवर होतं.

यावर उपाय असतो: प्रत्येक ठिपक्यात
चिमूटभर खोटं मिसळायचं.
शंभर मीटर हलवला, तर रेवंडकरांच्या पडवीत;
त्यांच्यावर फुकटचा आळ.
पाचशे हलवला, तर खाडीच्या मधोमध,
भरतीच्या पाण्यात, एकटा उभा.
दोन किलोमीटरनी अख्खी वाडी समुद्रात गेली
आणि नकाशा अगदी सुरक्षित झाला,
कुणाच्याच कामाचा नाही असा.

दुसरा उपाय: पाचाहून कमी असतील
तर रकाना कोरा सोडायचा.
भाटीवाडी कोरी.
मागच्या पाहणीतही कोरीच होती,
एसटीचा थांबा तेव्हाच उठला.

शनिवारी स्वतः गेले. फोन घरी ठेवून.
मेहमूद सोलकर होडीतलं पाणी उपसत होता.
बत्तीस वर्षं रात्रीबेरात्री हाच नेतो-आणतो;
कोण कुणाकडे जातं, कोण रडत उतरतं,
सगळं याच्या डोळ्यांदेखत.
रात्री माणसं असतात का, मी विचारलं.
“असतं की कोणीतरी.”
कोण?
त्यानं असं पाहिलं
जसे मी उतारूचे पैसे बुडवले होते.
“कोणीतरी,” तो म्हणाला. मग, डबा खाली ठेवून,
“मला आता काळोखात दिसत नाही, बाय.
बोट सुरू करा.”

रविवारी भाटीवाडी मी शेजारच्या
दोन वाड्यांत मिसळली.
वार पुसले. वेळेच्या जागी ‘पहाट’.
तिन्ही वाड्या मिळून, आठवड्याला, दहाएक उतारू.
खोटं नाही त्यात काही. खरंही
जरा दुरूनच पाहिलेलं.
एवढ्यावर बोट मंजूर झालीच तर
ती साडेचारला सुटेल.
म्हणजे पाऊण तास
कोणीतरी जेटीवर उभं राहील, वाऱ्यात,
माझ्या सभ्यपणापायी.

मूळ फाइल पुसून टाकली, पोचपावतीही घेतली.
पण काही मंगळवारी, पावणेचारच्या सुमाराला,
मला आपोआप जाग येते.
ते कुठे नोंदवायचं
याचा नियम अजून सापडलेला नाही.