बेचाळीस ते बावन्न

एक्केचाळीस नंबरचं चित्र अमेरिकेहून येतं.
त्यात पोरीचा पाय उचललेला.
त्रेपन्नही तिकडूनच येतं.
त्यात तोच पाय पायरीवर टेकलेला.
मधली अकरा मी काढते,
केसॉन सिटीत, तिसऱ्या मजल्यावर,
काचेखाली दिवा लावून, अंगात स्वेटर घालून.
बाहेर डांबर वितळतंय, पण इथला एसी
यंत्रांसाठी आहे.

गोष्ट मला तुकड्यातुकड्यानं कळली.
नदीकाठचं घर, त्याला लाकडी जिना.
घरातलं कुणीही चढलं की पायरी गाते:
आजोबांखाली खर्जात, मावशीखाली शीळ घालून,
मांजर चढलं तरी एखादा सूर निघतोच.
या एका पोरीखाली निघत नाही.
ती चढते
आणि लाकूड लाकूडच राहतं.

गाणी काही आमच्यापर्यंत आली नाहीत.
आले ते तक्ते. कुठल्या चित्रात तोंड किती उघडं:
आ, ओ, मिटलेले ओठ, पुन्हा आ.
सहा महिने मी एक अख्खं खानदान
बंद काचेपलीकडे गाताना पाहिलं.

आमच्या घराचा जिना सिमेंटचा आहे.
दिविना रियाधला नर्स, तिच्या पैशांतून छप्पर.
रोमुलो जहाजावर, त्याच्या पैशांतून फ्रीज.
चेरीलूनं गाण्याच्या स्पर्धेत जिंकलेला पंखा
अजून आईच्या उशाशी मान फिरवतो.
शेजारीण विचारते, आणि मारिव्हिक?
आई म्हणते, चित्रं काढते.
कसली?
मधली.
मग दोघी पुन्हा तांदूळ निवडायला लागतात.

अध्यात ना मध्यात, असं लोकांबद्दल म्हणतात.
माझं तसं नाही.
मी फक्त मध्यात.

तक्त्यावर लिहिलं होतं, अंतरं सारखी ठेवा.
नाही ठेवली.
पहिली चार भराभर, आणि मग पाय हवेत रेंगाळू दिला.
सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास,
जवळजवळ एकच चित्र, केसाएवढा फरक,
आणि अंगठा जरासा आत वळवला,
जसा परक्याच्या उंबऱ्यावर माझा वळतो.
तपासायला बसलेल्या नेस्तोरकाकांनी
कागद बोटांत धरून फरफर उलटले,
थांबले, परत उलटले,
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं
आणि लाल पेन्सिल कानामागे ठेवून दिली.

वर्षानं थिएटरात आम्ही सात जण.
तेव्हा ते गाणं पहिल्यांदा ऐकलं.
मला वाटलं होतं त्याहून मोठं होतं,
आणि खरं सांगू? थोडं जास्तच गोड.
माझी अकरा चित्रं आली तेव्हा चेरीलू
सांडलेले शेंगदाणे पायाखाली चाचपत होती.
अर्धा सेकंदसुद्धा नाही.
पाय उचलला, टेकला, जिना गप्प.
शेवटी नावं अशी पळाली
जशी शाळा सुटल्यावर मुलं.
बुएनाफ्लोरमधला ल वाटेतच कुठे गळाला होता.
रोमुलोचा पोरगा ओरडला, आत्या, ही तू?
मी म्हटलं, जवळपास.

जीपनीत सगळे तावातावानं बोलत होते.
चित्रपटात अखेर असं निघतं
की जिना तिच्या पायाखाली मुका नव्हता,
ऐकत होता.
दिविनाच्या लेकीला हे पटलं नाही.
ऐकत होता तर आधीच का नाही सांगितलं, ती म्हणाली,
आणि मोठ्यांपैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

रात्री आई परातीत पाय बुडवून बसली.
किती वेळ पाण्याकडेच बघत होती.
मग म्हणाली, त्या पोरीचा अंगठा
तुझ्यासारखा वळतो गं.
मी काही बोलले नाही.
पंखा माझ्याकडे आला, तिच्याकडे गेला.
पाणी गार झालंय, ती म्हणाली,
टॉवेल दे.