बर्फाचा हिशेब

जयगड बंदरात पहाटे तीनला
बर्फाच्या लाद्या घसरत उतरतात होडीत.
पैसे नंतर.
नंतर म्हणजे म्हावरं गावलं तर,
लिलावात दर आला तर.
आणि ज्याची उधारी, ते तर
दुसऱ्या तिन्हीसांजेला
पाणी होऊन सांडलेलं असतं खाडीत.

असल्या मालावर कुठली बँक कर्ज देईल?
इब्जी मुकादम देतो.
कारखान्याच्या भिंतीवर खडूने रेघा ओढतो,
सही-बिही नाही.

यंदा आषाढात भिंत ओलीने फुगली,
पोपडे पडले,
त्यांत चोगल्यांचं खातंही.
मुकादमाने गुपचूप झाडून घेतलं.
मला म्हणाला, बोलू नको कुठे.

नारळी पुनवेच्या आधी येसू चोगले आली.
नवरा अजून तापातून उठलेला नाही.
पदराची गाठ सोडत म्हणाली,
"एकतीस लाद्या."

मुकादमाच्या मनात अठ्ठावीस होत्या,
मला ठाऊक आहे.
त्याने कोऱ्या भिंतीकडे पाहिलं,
अगदी वाचत असल्यासारखं.
"तीन तर चढवतानाच वितळल्या.
अठ्ठावीसचे दे."

ती एकतीसचे ठेवून गेली.

तिनाचे पैसे अजून वजनाखाली पडून आहेत.
कुणाच्या नावावर लिहू,
मुकादम सांगत नाही.