कंट्रोल

एप्रिल. कूलरच्या ताट्या भरायचा हंगाम.
इंदोऱ्यापासून मानकापूरपर्यंत
प्रत्येकाला आजच्या आज थंड हवा पाहिजे,
आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून
मेडिकलच्या तिसऱ्या मजल्यावर
बाही वर करून बसलोय,
काहीही झालेलं नसताना.

टेंभुर्णे सिस्टर कागद वाचून दाखवतात,
ओळीवर बोट ठेवून:
यातून तुम्हाला स्वतःला काही फायदा होणार नाही.
समजलं.
सुई टोचल्या जागी काळंनिळं पडू शकतं.
माझ्या बोटांत खसाची कुसं रुतलेली. मी हसतो.
तुम्ही केव्हाही, कारण न सांगता, बाहेर पडू शकता.

हे परत वाचा, म्हटलं.

धम्मा असाच पडला बाहेर.
मारबतीचा दिवस होता,
खाली रस्त्यावर माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत होती,
रोगराई घेऊन जा गे, म्हणून.

सिकल.
आईकडून अर्धं, बाबांकडून अर्धं,
त्याच्या वाट्याला दोन्ही अर्धी,
माझ्या वाट्याला एकही नाही.
एका ताटात जेवायचो आम्ही,
शेवटच्या बोटीवरून भांडायचो.
ही वाटणी मात्र कोणी भांडून घेतली नव्हती.

मग सहा मिनिटं चालायचं.
कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन लाल शंकू.
पहिल्या फेरीत मी जवळजवळ पळालोच.
"शर्यत नाही भाऊ, रोजच्यासारखं चाला."

रोजच्यासारखं म्हणजे
याच फरशीवरून, तो पाठीवर,
त्याचे गुडघे माझ्या बरगड्यांत,
आणि कानाशी गरम श्वास: हळू ना बे.

हळू चाललो.
तरी पाचशे चाळीस मीटर.
बोटाला चिमटा लावला, अठ्ठ्याण्णव.
"एकदम नॉर्मल," पोरसवदा डॉक्टर खूश झाला.
मी चप्पल शोधत बसलो उगाच.

चार नळ्या. नाव नाही, फक्त सतरा नंबर.
कुणा आजारी पोराच्या नळ्यांशेजारी
त्या एकाच यंत्रात गरगर फिरतील,
जत्रेत एकाच पाळण्यात बसवलेल्या
भावांसारख्या.

घरी आई: "काहून गेलता? तुले काय झालं?"
"काही नाही. कंट्रोल म्हणते मले तिथं."
तिला कंट्रोल म्हणजे कोपऱ्यावरचं रेशनचं दुकान,
थंब लागत नाही म्हणून परत पाठवणारं.
"किती देल्लं मंग?"
"तीनशे. जाण्यायेण्याचे."
"अन् तू?"
"चार नळ्या."
ती काही बोलली नाही.
भाकर मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली,
अर्धी हातातच राहिली तिच्या.

चारला शटर वर केलं.
दंडाच्या लवणीत काळंनिळं उमटलंय,
सांगितलं होतं तसंच.
दारात एक बाई, घामानं थबथबलेल्या:
"किती वेळ हो? घरात आजारी माणूस आहे आमच्या."

ओली खस ओढली पुढ्यात.
"बसा," म्हटलं, "तुमची ताटी आधी."