चौदा पानं

उद्यमबागेत, भट्टी थंडावल्यावर
मी चौदा पानं विकत घेतली.
एकशे अठ्ठावीस स्विस फ्रँक.
मालकांनी कॅल्क्युलेटरवर रुपये केले,
परत एकदा केले, चष्मा काढला :
"प्रभावती, सोन्याची शाई हाय काय की गं?"

ड्रॉइंग श्टुटगार्टचं.
पंपाची बॉडी, सव्वाशे नग.
खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात
'जिथं माप दिलेलं नाही, तिथं अमुक मानक लागू.'
म्हणजे जे लिहिलं नव्हतं
तेच विकत घ्यायचं होतं.

पानापानाच्या तळाला नाव उमटून आलं :
प्रभावती सांबरेकर. एक वाचक. नक्कल करू नये.
माझ्या लग्नपत्रिकेतसुद्धा
माझं नाव एकदाच होतं, तेही चुकलेलं.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं,
ह्यासोबत ही सात मानकंही वाचावीत.
साताची किंमत मी मालकांना सांगितली नाही.

दिल्लीचं फुकट मिळतं.
नंबर द्यायचा, ओटीपी घालायचा, उतरवून घ्यायचं.
शट्टूप्पा म्हणाला, सरकार देवमाणूस.
देव कुठला रे,
तुझ्या कुकरवर, सिमेंटच्या पोत्यावर
जो छाप असतो
त्याचे पैसे कारखाने भरतात,
त्यातून हे अन्नछत्र.
जर्मन लोक पुस्तकं विकून चूल पेटवतात.
अमेरिकेत म्हणे, कायद्यात घेतलेलं काही काही
काचेआडून वाचू देतात, छापू देत नाहीत,
पेढ्याच्या दुकानात
पोराला उचलून धरावं तसं.

आणि मापं ठरवायला बसतात त्यांना पगार कुणाचा?
आपापल्या कंपनीचा. तिकीटही तिचंच.
आपल्या उद्यमबागेतून कोण गेलंय आजवर?
शट्टूप्पा हसला,
माझा पासपोर्ट खानापूरच्या पुढं चालत नाही.

माझे आजोबा मापारी होते,
मार्कंडेयच्या काठाला, खळ्याखळ्यावर.
पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाहीत,
'लाभ' म्हणायचे.
गोकाकचा व्यापारी विचारायचा, "एष्टु आयतु?"
आजोबा मराठीत सांगायचे,
त्यावरून कधी भांडण झालेलं ऐकलं नाही.
रास मोजून झाली की
एक ओंजळ त्यांची.
सगळ्यांच्या देखत उचलायचे,
म्हणून ती मोठी की लहान
हे सगळ्यांना दिसायचं.

फ्रँकची ओंजळ केवढी असते
हे मला चौदा पानांत कुठं सापडलं नाही.

रात्रपाळीला नवव्या पानावरचा तक्ता लागणार होता.
झेरॉक्सला बंदी,
फोटो काढला तर तीही नक्कलच.
खडूनं लिहिलं तर?
कुणाला विचारणार, जिनिव्हात तेव्हा जेवणाची सुट्टी असेल.
साचेखान्याच्या दारावर मी आकडे काढले,
शट्टूप्पासाठी मराठीत,
इराण्णासाठी त्याच्या शेजारी कन्नडात.
आठाशी हात अडला.
इराण्णानं माझ्या हातातला खडू घेऊन
तो नीट केला.

सकाळी झाडणाऱ्या निंगव्वानं
दाराचा खालचा अर्धा भाग पुसला होता,
स्वच्छतेचा आठवडा होता ना.
वरच्या अर्ध्यावर पहिली कास्टिंग जमली.
व्हर्नियर लावला :
तीन दशांश मिलिमीटर जास्त. चालतंय.
वहीत एक लिहिलं.
तोंडातल्या तोंडात म्हटलं, लाभ.