चॅनेल चार

औरंगाबाद रोडवरच्या दोन लॉन्सच्या मधे
पत्र्याची भिंत आहे, दीड माणूस उंच.
अलीकडचं लग्न माझं, म्हणजे मी घेतलेलं,
पलीकडचं कुणाचं तरी.
दोन्हीकडचे डीजे एकमेकांत कालवले जातात.
ओझरकडून वारा येतो, हाडात शिरणारा,
आणि वडिलांचं स्वेटर घालून जगन
छत्रीचा स्टँड धरून उभा.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर ट्रिगर, काडेपेटीएवढा.
त्याचा जोडीदार लांब, फ्लॅशच्या पायाशी.
मधे काही नाही.
पूर्वी वायर असायची बारा फुटांची,
सिन्नरला नवरीची मामी तिच्यात अडकून पडली होती
(तो फोटोही आला, मामी सोडून सगळ्यांना आवडला).
मग डोळेवाले फ्लॅश आले, दुसऱ्याचा उजेड बघून पेटणारे.
कुणा पाहुण्याने खिशातला कॅमेरा उडवला
की आपलाही उडायचा, फुकट.
आता रेडिओ. खांबाआडून जातो, माणसांतून जातो,
कुणाला लागत नाही.

मी दोनच गोष्टी शिकवायचो.
शटर दोनशेच्या वर न्यायचं नाही,
घाई केली की फोटोच्या तळाला काळी पट्टी.
आणि चॅनेल चार.
चारच का, असं फक्त निवृत्तीने विचारलं,
पळशाचा निवृत्ती गायधनी,
सात सीझन माझा दिवा धरून उभा होता.
एकवर अख्खं नाशिक असतं, म्हणालो.
हसला.

तो गेला पैशावरून, असं मी सांगतो.
तसं ते पैशावरून नव्हतं.
एक फोटो होता. रडून झाल्यावरची नवरी,
आपला फोटो निघून गेला असं समजून
चेहरा मोकळा सोडलेली.
काढला त्याने. खाली नाव छापलं माझं.
त्याने एकदा बघितलं, आणि अल्बम मिटला.

आज मंगलाष्टकं सुरू होती, माझं बोट बाजूला होतं,
आणि माझा फ्लॅश उडाला.
जगन म्हणाला, दादा, मी नाही.
परत उडाला. थांबला.
लोकांनी खांदे सैल सोडले असतील एवढा वेळ थांबला,
मग एक, शेवटचा.

ही लय मी कुणाला शिकवलेली नाही.
हिला मी ओळखतो.

पाच करू का, जगनने विचारलं. नखाएवढी कळ, सरकवली की झालं.
म्हटलं, राहू दे जरा.
राहू दे म्हणेपर्यंत गुरुजींनी सावधान म्हटलं,
शे-दोनशे मुठी एकदम उघडल्या,
मी बटण दाबलं आणि माझा दिवा रिकामा.
नुकताच पलीकडच्यासाठी खर्च झालेला,
बारीक शीळ घालत दम भरत बसलेला.

पण पत्र्याच्या वर पांढरं झालं.
त्याचा नवा असणार, लिथियमचा, लगेच भरणारा,
नऊ फुटी स्टँडवर.

त्यानंतर माझं माझं पेटत राहिलं, त्याचं त्याचं.
चॅनेल त्याने बदललं. आधी त्याने.
पत्र्याला वळसा घालून जायला चार मिनिटं लागली असती.
जेवणाच्या पंगतीचे फोटो राहिले होते.

रात्री अडीचला पंचवटीतल्या दुकानात
कार्ड उघडून बसलो.
सगळी फ्रेम काळी, नवरा-नवरी नुसते आकार,
आणि वर हवेत अक्षता,
दाणा न दाणा मागून उजळलेला,
कडेकडेने, जसा मला कधी जमला नाही.
बोट माझं.

नवरीच्या भावाला तोच मोठा करून हवाय,
बारा बाय अठरा, हॉलमध्ये लावायला.
खाली नाव काय टाकू, जगन विचारतो.
मी सेल मोजून चार्जिंगला लावतो,
आठ आहेत. एक गरम लागतो हाताला.