चाळीस मीटरवर पॅकर

गावाचं नाव बोरगाव.
ओढ्याच्या दोन्ही अंगांनी बोरी होत्या म्हणतात,
संक्रांतीला पोरांचे खिसे फाटायचे.
आता मोजले तर एकशे चौदा बोर,
पाणी असलेले नऊ.
शब्द तोच राहिला, नुसता खाली गेला.

आम्ही आलो शाळेच्या बोरासाठी.
दोनशे फूट, काळा खडक,
मधे गेरूसारखा लाल थर, पुन्हा काळा.
तासाला चार घागरी, त्याही मिनतवारीनं.
दस्तगीरनं पाइपाला पाइप जोडत पॅकर सोडला
आणि चाळीस मीटरवर फुगवला.
बरणीच्या तोंडात रबरी बूच बसावं तसा तो बसतो:
आता वर काही येणार नाही,
जे काय सोसायचं ते खाली.

मग टँकर लावला.
प्रयागबाई खिचडीचा पळा हातात घेऊनच बाहेर आली.
"कोरड्या बोरात पाणी वततेत व्हय?
आन् आमाला दोन दिसाआड दोन घागरी!"
माझ्याकडे कार्यालयाचं छापील उत्तर होतं.
मी म्हणालो, मावशी, हापश्याला नाही का
आधी तांब्याभर पाजावं लागत?
तिला ते पटलं.
मला तितकंसं नाही. समोर दहा हजार लिटर चाललं होतं.

साठ. नव्वद. एकशे दहा.
ट्रकच्या थरथरीनं व्हरांड्यातली शाळेची घंटा
आपली आपणच किणकिणत होती.
एकशे तीस.
इथं पंप आणि खडक एकमेकांकडे नुसते बघत राहतात.
एकशे पस्तीस. दस्तगीर बोलायचा थांबला,
आणि तो सहसा थांबत नाही.
मग काटा पडला.
सत्तरवर.

खडक फुटल्याचा आवाज होत नाही.
लोक सुरुंगाची वाट बघत कानावर हात ठेवून उभे असतात.
साडेसहा कोटी वर्षं मिटलेलं काहीतरी
नखाएवढं उघडतं,
आणि वर इंजिनाचा सूर जरासा उतरतो.
बस.

तेवढ्यात कंपाउंडपलीकडून माणिक बिराजदार ओरडला.
त्याच्या बोराच्या तोंडावरचा दगड हलला होता,
खालून फेस, राखाडी पाणी, पुन्हा फेस.
सहा वर्षं मोटर न घातलेला बोर.
तो रागावला नाही. भिजल्या पायांनी उभा राहिला,
एवढंच म्हणाला,
"हे माजं, का शाळेचं?"

दुसऱ्या दिवशी चाचणी.
पहिले दहा हजार लिटर हिशेबात धरत नाहीत,
ते आपणच दिलेले.
आधी राखाडी आलं, दगडाचं पीठ,
मग लालसर,
मग अकराच्या सुमाराला निवळत गेलं.
कागद सांगायच्या आधी प्रयागबाईनं ओंजळ लावली,
तोंडात घोळवलं, थुंकली नाही.
"हे टँकरचं न्हाई," म्हणाली.
तिची जीभ आमच्या कुठल्याच तक्त्यात नाही.

पत्र्याच्या खाचेवरून पाणी पडत होतं,
सातवीची दोन पोरं स्टॉपवॉचवर भांडत होती.
तासाला सतराशे लिटर.
मी टेप घेऊन बिराजदाराच्या बोराकडे गेलो.
सोडत गेलो, सोडत गेलो,
काल जिथं टीं वाजलं होतं तिथं वाजलं नाही.
चार फूट खाली वाजलं.

फॉर्मवर दोनच चौकोन असतात,
यशस्वी, अयशस्वी.
आणि शेऱ्यासाठी तीन बोटं जागा.
मी पहिल्यावर खूण केली. खोटी नव्हती.
शेऱ्यात बारीक लिहिलं:
शेजारचा बोर, पातळी चार फूट उतरली.
बिराजदार मागं उभा राहून वाचत होता,
बोटानं, एकेक अक्षर.
"सायेब, शिसपेनानं लिवलाव."
हो, म्हटलं, सवय आहे, चुकलं तर खोडता येतं.
तो काही बोलला नाही.
खिशातून पेन काढलं, टोपण उघडून पुढं केलं.

दस्तगीर पॅकरची हवा सोडत होता.
मी त्याच पेनानं अक्षरांवरून पुन्हा फिरवलं.